मंत्राला किंमत लावणारा खेळिया

कथेतल्या जादूगाराला मर्यादा नसली तरी चालते. लेखक त्याला हवे तिथे अडवू शकतो. खेळात ही सोय नाही. मित्र टेबलाभोवती बसले, एकाने योद्ध्याची आणि दुसऱ्याने जादूगाराची भूमिका घेतली, की जादूगार प्रत्येक संकट मंत्राने उडवून लावणार आणि तलवारवाला मित्र जांभया देत बसणार. या अडचणीवर छापील नियमांचा तोडगा काढला तो गॅरी गायगॅक्स यांनी.

त्यांचा जन्म २७ जुलै १९३८ रोजी शिकागोत झाला. वडील स्वित्झर्लंडहून आलेले, शिकागो सिम्फनीत व्हायोलिन वाजवणारे. बालपण गेले विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावात. शाळा अर्धवट सुटली. पुढे विमा कंपनीत, कोणती जोखीम किती हप्त्याला पत्करायची हे ठरवण्याची नोकरी मिळाली. नंतर त्यांनी मंत्रांना लावलेले दर पाहिले, की ही उमेदवारी वाया गेली नाही असेच वाटते. १९७० मध्ये ती नोकरी गेली आणि घराच्या तळघरात जोडे दुरुस्त करून ते संसार चालवू लागले. युद्धखेळांचे वेड मात्र सुटले नाही.

१९७१ मध्ये जेफ पेरेन यांच्यासह त्यांनी 'चेनमेल' ही मध्ययुगीन लढायांची नियमावली काढली. तिच्या पुरवणीत जादूगार आणि ड्रॅगनही होते. तिचा आधार घेऊन डेव्ह आर्नेसन यांनी एकेका खेळाडूने एकच पात्र चालवायचा खेळ मांडला आणि १९७२ मध्ये तो गायगॅक्स यांना दाखवला. त्यातून जानेवारी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' अवतरला. छापल्या अवघ्या १,००० प्रती. श्रेयावरून दोघांत पुढे खटला झाला. मूळ कल्पनेत आर्नेसन यांचा वाटा मोठा होता, हे मान्य करायलाच हवे. नियमांची घडी मात्र गायगॅक्स यांची.

जादूचा नियम त्यांनी जॅक व्हान्स यांच्या 'द डाइंग अर्थ' (१९५०) या पुस्तकावरून घेतला. तिथे मंत्र पाठ करून मनात साठवायचा असतो आणि उच्चारताच तो स्मरणातून पुसला जातो. खेळातील नवशिक्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र मिळे. अंगावर चिलखत नाही, हाती फक्त खंजीर. तो एक मंत्र आत्ता खर्चावा की पुढच्या दालनासाठी राखावा, ही घालमेल म्हणजेच खेळ. मंत्रांसाठी शक्तीचे गुण द्यावेत आणि खेळाडूने ते हवे तसे खर्चावेत, अशी सूचना अनेकांनी केली. गायगॅक्स यांनी ती धुडकावली. असा जादूगार सर्वांना झाकोळून टाकील, ही त्यांची भीती रास्त होती.

१९७८ आणि १९७९ च्या सुधारित ग्रंथांत दर आणखी चढले. इच्छापूर्तीच्या मंत्राने करणाऱ्याचे वय तीन वर्षांनी वाढे. वेग दुप्पट करणारा मंत्र ज्याच्यावर पडे तो एका वर्षाने म्हातारा होई. मृताला उठवता येई, पण परतणाऱ्याच्या प्रकृतीचा एक गुण कायमचा जाई. यात एक पळवाट राहिली होती: शेकडो वर्षे जगणाऱ्या एल्फला एका वर्षाचे काय मोल? १९८१ च्या 'कॉल ऑफ क्थुल्हू' या सँडी पीटरसन यांच्या खेळाने ही किंमत मानसिक संतुलनाच्या रूपाने वसूल केली. ती अधिक झोंबणारी ठरली.

ऐंशीच्या दशकात या खेळावर सैतानपूजेचा आरोप झाला. दूरचित्रवाणीवर त्याला उत्तरे देण्याची वेळ स्वतः गायगॅक्स यांच्यावर आली. स्वतः उभारलेल्या 'टीएसआर' कंपनीचा ताबा १९८५ मध्ये त्यांच्या हातून गेला आणि पुढच्याच वर्षी ते बाहेर पडले. त्यानंतरही ते खेळ लिहीत राहिले, पण पूर्वीचे यश लाभले नाही.

४ मार्च २००८ रोजी लेक जिनिव्हा येथे वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जूनमध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची चौथी आवृत्ती आली. तिच्यातील जादूगाराला काही मंत्र कितीही वेळा, काहीही न गमावता वापरता येत होते.