मुंबईकरांना नकोशी झालेली भिंत बार्टल फ्रिअरने पाडली, आणि त्यासाठी पैसा आला कापसातून

प्रत्येक शहरात एक तरी असं बांधकाम असतं ज्याच्याकडे बघून लोक म्हणतात, हे एकदाचं पाडून टाका. रस्ता अडतो, घाण साचते, दिसायला बेढब, आणि आता त्याचा उपयोग तरी काय?

अमरावतीकरांना हे वेगळं सांगायला नको. जवाहर गेट, अंबागेट, नागपुरी गेट ही नावं रोज तोंडात असतात. ही सगळी दारं ज्या भिंतीची आहेत तो परकोट १८०७ साली निजामाच्या सरकारने बांधला. कारण होतं पेंढारी. अमरावती ही व्यापाऱ्यांची श्रीमंत पेठ होती आणि लुटारूंचा तिच्यावर डोळा होता. म्हणून जवळपास सव्वादोन मैल घेराची, २० ते २६ फूट उंचीची भिंत उभी राहिली. तिला पाच मोठे दरवाजे आणि चार खिडक्या ठेवल्या. पेंढारी काही वर्षांतच संपले, भिंत मात्र राहिली. पुढे शहर वाढलं आणि बाजार, वस्ती त्या भिंतीला येऊन भिडली.

तिकडे अकोल्यात उलटं झालं. मोर्णा नदीच्या काठचा असदगड इंग्रजांनी १८७० च्या सुमारास बराचसा उतरवून टाकला. मधला हवाखाना तेवढा वाचला आणि पुढे त्यात शाळा भरायला लागली.

म्हणजे एका शहराची भिंत राहिली, दुसऱ्याची गेली. अशा वेळी कोणती भिंत पाडायची, कोणती ठेवायची आणि पाडली तर त्या जागी काय करायचं, हे ठरतं कसं? आपल्याकडे या प्रश्नाची सगळ्यात मोठी गोष्ट घडली ती मुंबईत. तिच्या मध्यभागी असलेला माणूस म्हणजे मुंबई इलाख्याचा गव्हर्नर सर हेन्री बार्टल फ्रिअर.

उंटावरून आलेला पोरगा

फ्रिअरचा जन्म २९ मार्च १८१५ चा, वेल्समधला. ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी मिळाली तेव्हा तो विशीतही नव्हता. त्या काळी इंग्लंडहून मुंबईला यायचं म्हणजे जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने प्रवास. सुएझ कालवा अजून खणायचा होता. फ्रिअरने १८३४ साली वेगळीच वाट धरली. इजिप्तमध्ये उतरला, उंटावरून वाळवंट पार केलं, मग उघड्या होडीतून तांबड्या समुद्राने मोखा गाठलं आणि तिथून मुंबई. या वाटेने कुणी नवा अधिकारी येईल अशी मुंबईत कुणाची अपेक्षाच नव्हती. त्यामुळे आपण खरंच नोकरीवर रुजू व्हायला आलेले फ्रिअर आहोत हे पटवून देताना त्याची पंचाईत झाली.

सुरुवातीची नोकरी पुणे भागात. तिथे महसुलाच्या कामात गावोगाव फिरला, मराठी शिकला. पुढे मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर यांचा खासगी सचिव झाला आणि १८४४ मध्ये त्यांच्याच मुलीशी, कॅथरीनशी लग्न केलं.

मग आलं सातारा. छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेबांच्या दरबारात तो रेसिडेंट होता. १८४८ मध्ये आप्पासाहेब वारले. औरस मुलगा नव्हता, दत्तक घेतलेला होता. दत्तकाचा हक्क मान्य करा असं फ्रिअरचं मत होतं आणि ते त्याने वर कळवलं. गव्हर्नर जनरल डलहौसीने ते ऐकलं नाही आणि सातारा खालसा झालं. गंमत बघा, खालसा झालेल्या साताऱ्याचा कमिशनर म्हणून नेमणूक झाली ती फ्रिअरचीच, आणि त्याने ती घेतलीही.

त्यानंतर जवळपास नऊ वर्षं तो सिंधमध्ये कमिशनर होता. कराची बंदराचं काम, रस्ते, कालवे यात त्याने लक्ष घातलं. १८५२ मध्ये सिंध डाक नावाचं तिकीट त्याच्याच काळात निघालं. आशियातलं पहिलं टपाल तिकीट म्हणून ते ओळखलं जातं. कराचीत आजही फ्रिअर हॉल उभा आहे.

एप्रिल १८६२ मध्ये तो मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याच्यासमोर मुंबईची ती भिंत उभी होती.

शत्रू गेला, भिंत राहिली

मुंबईच्या ज्या भागाला आपण आज फोर्ट म्हणतो तिथे एकेकाळी खरोखरचा कोट होता. गव्हर्नर चार्ल्स बून याच्या काळात, १७१६ च्या आसपास, त्याची तटबंदी बांधून पूर्ण झाली. तीन मुख्य दरवाजे होते: अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट. चर्चगेट स्टेशनचं नाव त्यातूनच आलं.

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. मराठे आता आपल्याकडे वळतील या भीतीने तटाभोवती खंदक खणायचं ठरलं आणि व्यापाऱ्यांनी त्यासाठी तीस हजार रुपये वर्गणी काढली. म्हणजे जी भिंत आणि जो खंदक पुढे लोकांना नकोसा झाला, त्यासाठी आधीच्या पिढीने स्वतःच्या खिशातून पैसे दिले होते.

मग शंभर वर्षं गेली. मराठ्यांचं राज्य संपलं. समुद्रातून कुणी येण्याची भीतीही उरली नाही. कोटाच्या आत मात्र घरं एकमेकांना खेटून, गल्ल्या अरुंद. फेब्रुवारी १८०३ च्या मोठ्या आगीत कोटाच्या आतली वस्ती होरपळली होती. तोफांच्या माऱ्यासाठी तटाबाहेरचं मैदान मोकळं ठेवावं लागायचं, त्यामुळे तिकडे शहर सरकूही शकत नव्हतं. खंदकात कचरा आणि सांडपाणी साचून दुर्गंधी सुटायची. त्याच वेळी मुंबईची लोकसंख्या भराभर वाढत होती. १८६४ च्या जनगणनेत ती ८,१६,५६२ भरली.

भिंत पाडा ही मागणी फ्रिअर येण्याआधीपासून होती. पण मागणी असणं वेगळं आणि पाडणं वेगळं. पाडायला पैसा लागतो आणि पाडल्यावर मोकळ्या झालेल्या जागेचं काय करायचं याचा आराखडा लागतो. पैशाचा प्रश्न सुटला तो एका लांबच्या लढाईमुळे.

अमेरिकेत युद्ध, वऱ्हाडात भाव

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेतली बंदरं अडवली. इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरण्या ज्या अमेरिकन कापसावर चालायच्या तो यायचा थांबला. गिरणीमालकांनी मोर्चा वळवला हिंदुस्थानकडे, आणि इथला कापूस बाहेर जायचा मुख्य रस्ता होता मुंबई बंदर.

गुजरात, खानदेश, धारवाडबरोबरच वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे निघाला. वऱ्हाडला हा व्यापार नवा नव्हता. १८४२ मध्ये अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्याला पाठवल्याचं सांगतात. आता भाव कैक पटींनी चढला. वऱ्हाड फ्रिअरच्या हाताखाली नव्हतं, १८५३ पासून त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत चालायचा. पण इथल्या काळ्या मातीतलं पांढरं सोनं जात होतं ते मुंबईलाच. त्याच्यामागोमाग रेल्वेही आली आणि १८६७ मध्ये भुसावळकडून वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली.

मुंबईत पैशाचा पूर आला आणि जमिनीचे भाव गगनाला भिडले. फ्रिअरने इथेच डोकं चालवलं. तट पाडला तर मोक्याची जमीन मोकळी होते. त्यातले काही भूखंड विकायचे आणि त्या पैशातून रस्ते आणि सरकारी इमारती उभ्या करायच्या. म्हणजे भिंत स्वतःच्या पाडकामाचा आणि पुढच्या बांधकामाचा खर्च काढणार.

काम सुरू झालं. दरवाजे गेले, बुरूज गेले, खंदक बुजवला. यासाठी खास समिती नेमली आणि जेम्स ट्रबशॉ या वास्तुविशारदाकडे नव्या जागेची आखणी दिली. कोणत्या जागेवर काय येईल, रस्ते किती रुंद असतील, कुठे मोकळी जागा सोडायची हे आधी कागदावर आलं. जिथे चर्च गेट होतं तिथे १८६४ मध्ये कारंजं उभं राहिलं. त्याला फ्रिअरचं नाव द्यायचा विचार होता, पण शेवटी ते फ्लोरा फाउंटन झालं. ज्या मैदानावर पूर्वी कापसाच्या गासड्यांचे ढीग लागायचे तिथे एलफिन्स्टन सर्कल आकाराला आलं. आज आपण त्याला हॉर्निमन सर्कल म्हणतो.

फुगा फुटला

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि कापसाचे भाव कोसळले. मुंबईत तोवर समुद्र बुजवून जमीन तयार करणाऱ्या कंपन्यांच्या शेअरवर सट्टा रंगला होता. बॅक बे रिक्लेमेशनचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत गेला होता. १ जुलै १८६५ ला व्यवहार पुरे करायची वेळ आली आणि सगळं गडगडलं. प्रेमचंद रायचंदसारखे धनाढ्य बुडाले. सरकारचा हिस्सा असलेली बँक ऑफ बॉम्बेही बुडाली, आणि सरकारचे संचालक तिथे बसलेले असताना असं झालंच कसं, या चौकशीत फ्रिअरवरही ठपका आला.

दुसरा ठपका आला पुण्याच्या एका इमारतीवरून. गणेशखिंडीत गव्हर्नरसाठी निवासस्थान बांधायला त्याने १८६४ मध्ये सुरुवात केली होती. वास्तुविशारद तोच, ट्रबशॉ. खर्च अंदाजाबाहेर गेला आणि लंडनच्या पार्लमेंटमध्ये या उधळपट्टीवर सडकून टीका झाली. आज ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे आणि लोक तिच्यासमोर फोटो काढतात.

१८६७ मध्ये फ्रिअर मुंबई सोडून गेला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की त्याने पाडलं, पण बहुतेक बांधकाम झालं त्याच्या पाठीमागे. सचिवालय १८७४ मध्ये पूर्ण झालं. हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर दोन्ही १८७८ मध्ये. राजाबाई टॉवरसाठी पैसे दिले होते प्रेमचंद रायचंदने. पैसा आटला तरी आराखडा राहिला आणि मोकळी जागा त्या आराखड्याप्रमाणे भरत गेली.

शेवट आफ्रिकेत

फ्रिअरच्या आयुष्याचा उत्तरार्ध मात्र चांगला गेला नाही. १८७३ मध्ये झांजिबारच्या सुलतानाला गुलामांचा व्यापार बंद करायला लावणारा करार झाला, त्यामागे त्याची कामगिरी होती. पण १८७७ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर म्हणून गेला आणि तिथे झुलू राज्याशी युद्ध ओढवून घेतलं. लंडनची परवानगी नसताना त्याने डिसेंबर १८७८ मध्ये झुलू राजाला निर्वाणीचा इशारा दिला. जानेवारी १८७९ मध्ये इसांडलवानाला इंग्रज फौजेचा दारुण पराभव झाला. पुढे इंग्रज जिंकले, पण हजारो माणसं मेली आणि झुलूंचं राज्य मोडलं. १८८० मध्ये फ्रिअरला परत बोलावलं गेलं. २९ मे १८८४ ला तो वारला.

साताऱ्यात दत्तकाचा हक्क मागणारा माणूस आफ्रिकेत दुसऱ्याचं राज्य मोडायला निघाला. त्याचं चरित्र लिहिताना हे दोन्ही सांगावं लागतं.

कुरूप कोण ठरवणार?

मुंबईचा तट आता जवळपास कुठेच दिसत नाही. सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात फोर्ट जॉर्जचा एक तुकडा तेवढा शिल्लक आहे. तेव्हा त्या तटासाठी फारसं कुणी हळहळलं नाही.

पण त्याच्या जागी आलेल्या गॉथिक इमारतींचं काय झालं ते बघा. १९२० च्या दशकात इंग्रज लेखक आल्डस हक्सले मुंबईत आला आणि त्याने या इमारतींची यथेच्छ टिंगल केली. आणि २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या याच इमारती, समोरच्या आर्ट डेको इमारतींसकट, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या.

तट पाडून मोकळ्या झालेल्या भूखंडांपैकी एकावर जॉन वॉटसनने लोखंडी सांगाड्याचं हॉटेल बांधलं. ७ जुलै १८९६ ला भारतातला पहिला सिनेमा तिथेच दाखवला गेला. आज ती इमारत एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखली जाते आणि तिची अवस्था वाईट आहे. २०१९ मध्ये आयआयटीच्या तज्ज्ञांनी ती पाडावी असा अहवाल दिला. वारसा जपणाऱ्यांनी ती दुरुस्त होऊ शकते असं म्हटलं आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. हे हायकोर्टही बसतं ते तट पाडून मोकळ्या झालेल्या पट्ट्यातच.

फ्रिअरने तट पाडला तो दिसायला वाईट होता एवढ्यावर नाही. तटाचं काम संपलं होतं, त्याने लोकांचं जगणं अवघड केलं होतं, आणि पाडल्यावर तिथे काय येणार, त्याचे पैसे कुठून येणार हे ठरलेलं होतं. अमरावतीच्या परकोटाचं पहिलं काम पेंढाऱ्यांबरोबरच संपलं. पण आज तो शहराचं वय सांगतो आणि जवाहर गेटपासून अंबागेटपर्यंतचे पत्तेही त्याच्याच नावावर चालतात. उद्या कुणी कुठल्याही जुन्या बांधकामाकडे बोट दाखवून हे पाडा म्हणालं, तर आधी विचारावं की त्या जागी काय येणार आहे, आणि त्याचा नकाशा मागावा.