पायडल मारा, डॉक्टर बोलवा

१९१७ सालची गोष्ट. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या हॉल्स क्रीक या आडगावाजवळ जिमी डार्सी नावाचा तरुण गुराखी घोड्यावरून पडला. पोटात आतून मार बसला होता. गावात डॉक्टर नव्हता, पण तारघर होते. तिथल्या पोस्टमास्तरने पर्थच्या डॉक्टरला तार केली आणि हजारो किलोमीटरवरून मोर्सच्या कट्ट-कडकट्टमधून येणाऱ्या सूचना वाचत, भूल न देता, खिशातल्या चाकूने आणि वस्तऱ्याने शस्त्रक्रिया केली. ती चक्क यशस्वी झाली. पर्थचे डॉक्टर आधी गुरांची वाहतूक करणाऱ्या बोटीने आणि मग मोटारीने निघाले. दहा-बारा दिवसांनी ते पोहोचले, तेव्हा डार्सीला जाऊन एक दिवस झाला होता.

हॉल्स क्रीकला निदान तारेचा खांब तरी होता. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातल्या बहुतेक पशुपालन ठाण्यांवर तेवढेही नव्हते. एकेक ठाणे आपल्याकडच्या तालुक्याएवढे, कधी जिल्ह्याएवढे. शेजारी म्हणजे दीडशे किलोमीटर पलीकडचे घर. बाळंतीण अडली, पोराला साप चावला, तर निरोप घेऊन घोडेस्वार धाडायचा आणि वाट बघायची. या लोकांसाठी विमानातून डॉक्टर पाठवावा, हे स्वप्न जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाचे. त्यांचे नाव ऑस्ट्रेलियात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण विमान बोलवायचे कसे, हा त्या स्वप्नातला खरा अडसर होता. तो दूर करणारा माणूस मात्र अबोल, लाजरा आणि प्रसिद्धीपासून चार हात लांब राहणारा होता. त्याचे नाव आल्फ्रेड ट्रेगर.

ट्रेगर यांचा जन्म २ ऑगस्ट १८९५ चा, व्हिक्टोरिया प्रांतातल्या ग्लेनली गावचा. घराणे मूळचे जर्मन, शेतकरी. पुढे कुटुंब दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बालाक्लावा इथे आले. बाराव्या वर्षी या पोराने घर आणि अवजारांची खोली यांच्यामध्ये टेलिफोन जोडला. चुंबकासाठी गवत उचलायच्या काट्याचे दाते, पडद्यासाठी तंबाखूच्या डब्याचे झाकण आणि कार्बनसाठी चुलीतला कोळसा! हाताशी जे आहे त्यातून यंत्र उभे करायचे, ही खोड त्याला जन्मभर राहिली.

ॲडलेडला यांत्रिक आणि विद्युत अभियांत्रिकी शिकल्यावर त्यांनी ट्राम आणि टपाल खात्यात नोकरी केली. मग एका कंपनीत मोटारींचे जनित्र दुरुस्त करण्याचे काम धरले. तो १९२० च्या दशकाचा सुरुवातीचा काळ. रेडिओचे वेड जगभर पसरत होते आणि हौशी मंडळी घरच्या घरी संच जुळवून अनोळखी माणसांशी मोर्समध्ये गप्पा मारत होती. ट्रेगर यांनीही हौशी प्रक्षेपणाचा परवाना काढला. त्यांनी बनवलेले ६०० व्होल्टचे एक जनित्र फ्लिन यांनी विकत घेतले आणि या दोघांची गाठ पडली.

फ्लिन यांनी त्याआधीही प्रयत्न केले होते. मोटारीचे मागचे चाक जॅकवर उचलायचे, त्यावर पट्टा चढवून जनित्र फिरवायचे आणि संदेश धाडायचा. प्रयोग म्हणून छान. पण ज्या घरात मोटारच नाही तिथे काय करायचे? १९२६ मध्ये फ्लिन यांनी ट्रेगर यांना सोबत घेऊन ॲलिस स्प्रिंग्ज गाठले. तिथून शंभरेक किलोमीटरवरच्या हर्मन्सबर्गच्या मिशनमध्ये दुसरा संच बसवला आणि दोन ठिकाणांमध्ये संदेश पोहोचले. संच चालत होते, पण त्यांना जड, महागड्या बॅटऱ्या लागत. त्या वाळवंटात वाहून न्यायच्या, जपायच्या आणि संपल्या की पुन्हा आणायच्या. शिवाय चालवायला जाणकार माणूस हवा. ट्रेगर परतले ते हे दोन प्रश्न घेऊनच: वीज कुठून आणायची आणि संच चालवणार कोण?

पहिला प्रश्न आधी वाटला तितका सोपा नव्हता. त्या काळच्या प्रक्षेपकातल्या काचेच्या व्हॉल्व्हना शेकडो व्होल्टचा दाब लागे. ट्रेगर यांनी आधी हाताने फिरवायचे जनित्र करून पाहिले. एका हाताने दांडा फिरवायचा आणि दुसऱ्याने मोर्सची कळ दाबायची. पण टिंब-रेघांकडे लक्ष गेले की फिरवणारा हात मंदावे, दाब उतरे आणि संदेश विरून जाई. उत्तर मिळाले ते सायकलच्या पायडलमध्ये. माणसाच्या मांड्यांचे स्नायू दंडापेक्षा कितीतरी बलवान, शिवाय पाय एका लयीत न थकता चालत राहतात आणि दोन्ही हात मोकळे. बसल्या बसल्या साधारण माणूस सुमारे ३०० व्होल्ट दाबाने २० वॅट शक्ती सहज देऊ शकतो, असे ट्रेगर यांना मोजमापाअंती आढळले. जड चाक आणि दातेरी चक्रे त्यांनी धातूच्या पेटीत बंद केली, बाहेर फक्त पायडले ठेवली. धूळ आत जायला नको आणि साडीचा, म्हणजे तिकडे झग्याचा, घोळही अडकायला नको.

वीस वॅट म्हणजे आजचे दोन एलईडी दिवे. एवढ्याशा शक्तीवर शेकडो किलोमीटर संदेश जातो कसा? ही किमया लघुलहरींची. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून या लहरी परततात आणि दूरवर जाऊन उतरतात. जमिनीला चिकटून जावे लागत नसल्याने वाटेत त्यांची शक्ती कमी खर्च होते. दोन उंच खांबांमध्ये ताणलेली तार एवढीच काय ती बाहेरची सामग्री.

दुसऱ्या प्रश्नावर ट्रेगर यांनी जे केले, ते मात्र खरे मोठेपण. संच चालवणारी व्यक्ती म्हणजे रेडिओचा छंद असलेला तरुण नव्हे, तर स्वयंपाक, पोरे आणि बागेचे काम सांभाळणारी ठाण्यावरची बाई, हे त्यांनी गृहीत धरले. म्हणून प्रक्षेपकात क्वार्ट्झचा स्फटिक बसवला. अशा स्फटिकाचे कंपन ठरलेल्या वारंवारतेलाच होते, त्यामुळे खुंट्या पिळत लहर जुळवत बसायला नको आणि चुकायलाही नको. बोलणे आणि ऐकणे यांच्यासाठी एकच मुख्य बटण. नवशिक्यासाठी संच सोपा करणे हे तज्ज्ञासाठी गुंतागुंतीचा संच करण्यापेक्षा अवघड असते. आजच्या वैद्यकीय उपकरणांच्या उत्पादकांनाही हे कळलेले दिसत नाही!

मे १९२८ मध्ये क्वीन्सलँडमधल्या क्लॉन्करी इथून फ्लिन यांची हवाई वैद्यकीय सेवा सुरू झाली. पहिल्या वर्षात विमानाची सुमारे पन्नास उड्डाणे झाली. पण तार-टेलिफोन असलेल्या ठिकाणांपुरतीच ती हाक ऐकू शकत होती. जून १९२९ मध्ये ट्रेगर स्वतः पहिले पायडल संच घेऊन निघाले. क्लॉन्करीच्या उत्तरेला असलेल्या ऑगस्टस डाऊन्स या ठाण्यावर संच बसला आणि तिथल्या गर्ट्रूड रोदरी यांनी पाय चालवत पहिला संदेश पाठवला. त्यानंतर ट्रेगर ठाण्या-ठाण्यावर फिरत राहिले. खांब रोवायचे, तार ताणायची, संच जोडायचा आणि घरातल्या बायकांना मोर्स शिकवायची.

मोर्स मात्र जड जात होती. घाबरलेल्या आईला मूल तापाने फणफणलेले असताना टिंब-रेघा आठवणार कशा? यावर ट्रेगर यांनी टंकलेखन यंत्रासारखा कळफलक तयार केला. अक्षराची कळ दाबली की त्या अक्षराची टिंबे आणि रेघा यंत्र आपोआप पाठवी. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत थेट आवाजात बोलण्याची सोय आली आणि हा कळफलक मागे पडला. आपलाच शोध निकामी झाल्याचे दुःख करणाऱ्यांपैकी ट्रेगर नव्हते. रात्री-अपरात्री मदत लागली तर? त्यासाठी वेगवेगळ्या स्वरांच्या दोन शिट्ट्यांची युक्ती निघाली. मायक्रोफोनसमोर त्या फुंकल्या की दूरच्या केंद्रावर गजर वाजे.

यातून वैद्यकाची एक नवी रीत तयार झाली. प्रत्येक हाकेला विमान उडवावे लागत नाही, हे डॉक्टरांच्या लक्षात आले. ठरलेल्या वेळी ठाण्यांनी लक्षणे सांगायची, डॉक्टरने प्रश्न विचारायचे आणि उपचार सुचवायचे. औषधांची नावे खरखरीत नीट ऐकू येत नसत, म्हणून १९४० च्या दशकात प्रत्येक ठाण्यावर क्रमांक घातलेल्या औषधांची एकसारखी पेटी ठेवली गेली. अमुक क्रमांकाच्या दोन गोळ्या द्या, एवढे सांगितले की काम भागे. सोबत क्रमांकांनी भाग पाडलेले शरीराचे चित्र असे. दुखते कुठे, हे आकड्यात सांगता येई. दूरवैद्यक हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

एकटेपणावरही या संचाने औषध केले. डॉक्टरची वेळ संपली की बायका आपसात बोलत, पाककृतींपासून पावसापर्यंत. कलकलाट करणाऱ्या गुलाबी काकाकुव्यांवरून या गप्पांना गालाह सत्र असे नाव पडले. १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जहून याच जाळ्यावर दूरच्या मुलांसाठी हवेतली शाळा सुरू झाली. या सगळ्या कौतुकात एक गोष्ट विसरू नये. फ्लिन यांच्या मिशनने गोऱ्या वसाहतवाल्यांकडे पाहिले तितके मूळ रहिवाशांकडे पाहिले नाही, अशी टीका त्यांच्या हयातीतच झाली होती आणि ती निराधार नव्हती.

ट्रेगर यांना १९४४ मध्ये ब्रिटिश सरकारचा ओबीई हा किताब मिळाला. फ्लिन १९५१ मध्ये गेले. त्यांच्या सेवेला १९५५ मध्ये शाही उपाधी लाभली. पायडलची जागा बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणांनी घेतली, तरी ट्रेगर स्वस्थ बसले नाहीत. त्यांची कंपनी संच बनवत राहिली, काही परदेशांतही गेले. सूर्याच्या उष्णतेने खारे पाणी गोडे करण्याचा उद्योगही त्यांनी करून पाहिला. ३१ जुलै १९८० रोजी, पंच्याऐंशी पूर्ण व्हायला दोन दिवस उरलेले असताना, ॲडलेडमध्ये ते गेले. ऑस्ट्रेलियाच्या २० डॉलरच्या नोटेवर आज फ्लिन यांचा चेहरा आहे आणि त्याच्या बाजूला ट्रेगर यांचा पायडल रेडिओ.