दिमित्री मेंडेलीव्ह

सैबेरियातील टोबोल्स्क या गावी ८ फेब्रुवारी १८३४ रोजी दिमित्री मेंडेलीव्ह यांचा जन्म झाला. भावंडांच्या मोठ्या परिवारातील हे शेंडेफळ. वडील तेथील विद्यालयाचे प्रमुख होते. परंतु दिमित्रीच्या जन्माच्या वर्षीच त्यांची दृष्टी गेली व नोकरी सुटली. तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर एवढा संसार कसा चालावा? तेव्हा आई मारिया हिने पदर खोचला. तिच्या भावाच्या मालकीचा काचेचा एक कारखाना जवळच्या खेड्यात होता, त्याचा कारभार तिने हाती घेतला. धगधगत्या भट्टीत वाळू वितळते आणि तिची पारदर्शक काच होते, हे नवल दिमित्रीने बालपणीच डोळे भरून पाहिले.

१८४७ साली वडील वारले आणि पुढच्याच वर्षी कारखाना आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. दुसरे कोणी असते तर खचून गेले असते. मारियाने मात्र धाकट्या मुलाच्या शिक्षणाचा ध्यास सोडला नाही. उरलीसुरली पुंजी घेऊन तिने सुमारे दोन हजार किलोमीटर दूर असलेले मॉस्को गाठले. तेथील विद्यापीठाने या परप्रांतीय मुलाला प्रवेश नाकारला. मग मायलेक सेंट पीटर्सबर्गला गेले. ज्या अध्यापन संस्थेत वडील शिकले होते, तिचे दार १८५० साली दिमित्रीसाठी उघडले. त्याच वर्षी, जणू काम पुरे झाले म्हणूनच की काय, त्या माउलीने देह ठेवला. १८८७ साली मेंडेलीव्ह यांनी द्रावणांवरील आपला ग्रंथ तिच्याच स्मृतीस अर्पण केला.

१८५५ साली त्यांचे शिक्षण पूर्ण झाले. पुढे जर्मनीत राहून त्यांनी संशोधन केले व १८६७ साली ते सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांना देण्याजोगे चांगले पुस्तक रशियन भाषेत नव्हते. म्हणून ते स्वतःच लिहावयास बसले आणि तेथेच अडले. त्या काळी ६३ मूलद्रव्ये ठाऊक होती. कोणी वायू, कोणी धातू; कोणी पाण्यात पडताच पेट घेणारे, कोणी शतकानुशतके न गंजणारे. त्यांचे वर्णन करावयाचे ते कोणत्या क्रमाने? वाण्याच्या दुकानातील डबे कसेही मांडले तरी चालतात. शास्त्राला तसे चालत नाही.

प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूचे वजन, म्हणजे अणुभार, वेगवेगळा असतो. मेंडेलीव्ह यांनी अणुभारांच्या चढत्या क्रमाने मूलद्रव्ये मांडून पाहिली. लिथियम ७, मग बेरिलियम, बोरॉन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लुओरिन, आणि आठव्या पायरीवर सोडियम २३. हा सोडियम थेट लिथियमच्या वळणाचा: तसाच मऊ, तसाच पाण्याशी झोंबणारा. आणखी सात पायऱ्यांनी पोटॅशियम ३९, तोही त्याच कुळीचा! वार जसे सात दिवसांनी फिरून येतात, तसे गुणधर्म फिरून येत होते. १८६९ च्या मार्चमध्ये हे कोष्टक रशियन रसायन परिषदेपुढे मांडले गेले. यालाच आपण आवर्त सारणी म्हणतो.

हा विचार केवळ त्यांनाच सुचला होता असे नाही. लंडनच्या न्यूलँड्स यांनी १८६५ सालीच आठव्या पायरीची गोष्ट सांगितली होती, पण विद्वानांच्या सभेत त्यांची थट्टा झाली. जर्मनीचे लोथर मायर हेही त्याच वाटेने चालले होते. मेंडेलीव्ह यांचे वेगळेपण होते ते रिकाम्या घरांत. जस्ताचा अणुभार ६५. त्यानंतर ज्ञात मूलद्रव्य आर्सेनिक, ७५. क्रमाने बसविले तर आर्सेनिक ॲल्युमिनियमखाली येत होते, आणि त्याचे नाते तर फॉस्फरसशी! मेंडेलीव्ह यांनी आर्सेनिकला दोन घरे पुढे सरकवून फॉस्फरसखाली बसविले आणि मधली दोन घरे मोकळी सोडली. ही मूलद्रव्ये सृष्टीत आहेत, फक्त अजून सापडलेली नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. १८७१ साली त्यांनी अशा तीन अज्ञात मूलद्रव्यांचे गुणधर्मही वर्तविले आणि त्यांना नावे देताना आपल्या संस्कृतातील ‘एक’ हा शब्द घेतला: एका-बोरॉन, एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन.

न पाहिलेल्या वस्तूचे वजन सांगणे म्हणजे मोठेच धाडस. भाकित चुकले असते तर सारे कोष्टक हास्यास्पद ठरले असते. पण १८७५ साली फ्रान्समध्ये बॉयबॉड्राँ यांना गॅलियम सापडले. ते एका-ॲल्युमिनियमच होते. त्याची घनता मात्र ४.७ निघाली. ती ५.९ च्या आसपास हवी, असे मेंडेलीव्ह यांनी दुरून कळविले. धातू अधिक शुद्ध करून पुन्हा मोजला, तो ५.९ भरला! १८७९ साली स्कँडियम आणि १८८६ साली जर्मेनियम सापडले. जर्मेनियमचा अणुभार त्यांनी ७२ वर्तविला होता, तो ७२.६ आहे. आता हसणारे कोणी उरले नाही. १८८२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने मेंडेलीव्ह व मायर या दोघांना डेव्ही पदक दिले.

स्वभावाने ते मोठे निर्भय. १८८७ साली खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी ते फुग्यातून जाणार होते. पावसाने भिजलेला फुगा दोघांना उचलीना, तेव्हा चालकाला उतरवून ते एकटेच वर गेले. फुगा चालविण्याचा त्यांना अनुभव नव्हता. तरी ते सुखरूप उतरले. १८९० साली विद्यार्थ्यांचा अर्ज मंत्र्यांकडे नेला. तो झिडकारला गेला, तेव्हा त्यांनी प्राध्यापकपद सोडले. पुढे १८९३ पासून ते देशाच्या वजनमापांच्या कार्यालयाचे प्रमुख होते. २ फेब्रुवारी १९०७ रोजी त्यांचे निधन झाले.

एक कोडे मात्र त्यांच्या हयातीत सुटले नाही. टेल्युरियम आयोडिनहून जड. तरी गुणधर्म पाहून त्यांनी टेल्युरियमला आधी बसविले होते. त्याचा अणुभार कोणीतरी चुकीचा मोजला असावा, अशी त्यांची समजूत होती. मोजमाप बरोबर होते. १९१३ साली इंग्लंडच्या मोस्ले या तरुणाने दाखवून दिले की, मूलद्रव्याचे घर अणुभारावरून नव्हे, तर अणुक्रमांकावरून ठरते. टेल्युरियमचा क्रमांक ५२ आणि आयोडिनचा ५३. कारण चुकले होते, घर बरोबर होते. १९५५ साली अमेरिकेत १०१ व्या क्रमांकाचे मूलद्रव्य प्रयोगशाळेत तयार झाले. त्या घरावर आज मेंडेलीव्हियम हे नाव आहे.