शाळेला ग्रंथालयाची जोड देणारा राजा

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेल्या गोपाळराव या मुलाच्या रीतसर शिक्षणास आरंभ झाला तो बाराव्या वर्षी, बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी १८७५ साली त्यास दत्तक घेतल्यानंतर. हाच मुलगा पुढे श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराज म्हणून ख्यातकीर्त झाला. अक्षराचे मोल त्यांनी जन्मभर ओळखले.

डिसेंबर १८८१ मध्ये राज्यकारभार हाती आल्यावर महाराजांनी शिक्षणप्रसारास अग्रस्थान दिले. अमरेली तालुक्यात १८९३ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये ती योजना सर्व संस्थानास लागू झाली. मात्र शाळा सुटली की खेड्यातील मुलाचा पुस्तकाशी संबंध तुटे आणि शिकलेली अक्षरे विस्मरणात जात. शाळेने पेरलेले ग्रंथालयाने जोपासले नाही तर सक्तीच्या शिक्षणाचे श्रम व्यर्थ ठरतील, हे महाराजांनी हेरले.

अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून प्रभावित झालेल्या महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले. बॉर्डन १९१३ पर्यंत येथे होते. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. महाराजांनी राजवाड्यातील आपला ग्रंथसंग्रह त्यास दिला. मुलांसाठी तेथे स्वतंत्र विभाग होता. ज्या गावी ग्रंथालय नव्हते तेथे लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये पोहोचू लागली. गावकऱ्यांनी वर्गणी जमवावी व तितकीच भर प्रांत पंचायत आणि सरकार यांनी प्रत्येकी घालावी, अशी व्यवस्था ठरली. अनेक गावी ग्रंथालय शाळेच्याच इमारतीत असे आणि शिक्षकच ग्रंथपालाचे काम पाही. या चळवळीचे अध्वर्यू मोतीभाई अमीन हेही मूळचे शिक्षकच. शाळा व ग्रंथालय यांच्यामधली भिंत अशी आपोआप विरघळली.

१९३२ साली कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद महाराजांनी भूषविले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

शताब्दीच्या या मंगल प्रसंगी त्यांचे स्मरण केवळ कृतज्ञतेपुरते राहू नये. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळांचे वर्ग रोडावत असता, शाळेतले मूल ग्रंथालयाच्या दारापर्यंत आणणे हे आपणा सभासदांचेच कर्तव्य होय. ग्रंथपेटी उचलून शाळेत नेण्यास आज राजाज्ञा लागत नाही; आस्था तेवढी हवी.