मांजराची शेपटी आणि चार्ल्स डार्विन

शेपटी ताठ करून मांजर पायांत घोटाळू लागलं की ते खुशीत आहे, हे घरात कुणालाही कळतं. पण खुशीत आलं की शेपटी वरच का जाते? हा प्रश्न गांभीर्याने घेणारा माणूस होता चार्ल्स डार्विन. गंमत म्हणजे तो स्वतः पक्का कुत्राप्रेमी.

१२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधल्या श्रूजबरीत त्याचा जन्म झाला. वडील डॉक्टर, म्हणून त्यालाही वैद्यकी शिकायला एडिनबर्गला धाडलं. भूल न देता होणाऱ्या शस्त्रक्रिया त्याला बघवेनात. पुढे केंब्रिज, १८३१ ते १८३६ बीगल जहाजावरचा प्रवास आणि १८५९ मधला उत्क्रांतीवरचा ग्रंथ. हे सगळं शाळेच्या पुस्तकातही असतं.

हावभावांचा त्याचा नाद मात्र फारसा माहीत नसतो. १८३८ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात तो जेनी नावाच्या ओरांगउटानचं निरीक्षण करत होता. पुढच्या वर्षी मुलगा झाला, तर त्याच्याही रडण्या-हसण्याच्या नोंदी सुरू! यामागे मोठा वाद होता. भावना दाखवता याव्यात म्हणून माणसाच्या चेहऱ्याला खास स्नायू दिलेले आहेत, असं चार्ल्स बेल या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने मांडलं होतं. ते खरं असेल, तर माणूस प्राण्यांपासून वेगळाच ठरतो आणि डार्विनच्या सिद्धांताला तडा जातो.

म्हणून त्याने १८६७ मध्ये जगभर प्रश्नावली पाठवली. आपल्या अहमदनगरमध्ये (आताचं अहिल्यानगर) राहिलेल्या अर्स्किन नावाच्या इंग्रजाचाही अनुभव त्याच्यापर्यंत पोहोचला. लोक साहेबासमोर भावना लपवत असल्याने ठाम निष्कर्ष काढणं त्याला अवघड गेलं होतं. मांजराला साहेबाची अशी भीड नसते.

१८७२ मध्ये माणूस आणि प्राण्यांच्या भावनांवरचं त्याचं पुस्तक आलं. त्यातली मांजरांची चित्रं टी. डब्ल्यू. वुड या चित्रकाराने काढली होती. हल्ल्याच्या तयारीतलं मांजर जमिनीलगत दबतं, शेपटी इकडून तिकडे हलवतं, कान मागे पाडतं. भांडणात दुसऱ्याच्या दातांत कान सापडू नयेत म्हणून ही काळजी, असं डार्विनचं म्हणणं. लाडात आलेलं मांजर नेमकं उलट करतं: उंच उभं राहतं, शेपटी ताठ, कान टवकारलेले. त्याच्या मते या पवित्र्याचा थेट उपयोग काहीच नाही. भावना उलट, म्हणून शरीरही उलट.

कुत्र्याला घाबरलेलं मांजरही उंच होतं, पाठीची कमान करतं. इथे अनेकांची फसगत होते. फरक केसांत पाहावा. भ्यालेल्या मांजराचे अंगावरचे आणि शेपटीचे केस पिंजारलेले असतात, शिवाय ते फिस्कारतं. मोठं झालेलं मांजर मऊ शालीवर कणीक तिंबल्यासारखे पंजे चालवतं, ती आईचं दूध पिताना लागलेली सवय, हेही त्याने नोंदवलं.

सगळंच काही टिकलं नाही. लागलेल्या सवयी पुढच्या पिढीत वारशाने उतरतात, ही त्याची समजूत आनुवंशशास्त्राने बाजूला सारली. मांजराची घुरघुर तो समाधानाची खूण मानत असे. पण आजारी, जखमी मांजरंही घुरघुरतात. तेव्हा घुरघुरणारं मांजर खात नसेल, कोपऱ्यात दडून बसत असेल, तर त्याला पशुवैद्याकडे न्यायला हवं.

१९ एप्रिल १८८२ रोजी डाउन गावातल्या घरी डार्विन वारला. पॉली ही त्याची लाडकी टेरियर कुत्री त्यानंतर काही दिवसांतच गेली.