नानी पालखीवाला : करकायद्याकडून राज्यघटनेकडे

चरित्र वाचताना केवळ घटनांचा क्रम लक्षात ठेवणे पुरेसे नसते. त्या घटनांना जोडणारे सूत्रही शोधावे लागते. नानी अर्देशिर पालखीवाला यांच्या जीवनातील हे सूत्र करकायद्यात सापडते.

त्यांचा जन्म १६ जानेवारी १९२० रोजी मुंबईतील एका पारशी कुटुंबात झाला. पूर्वजांच्या पालख्या तयार करण्याच्या व्यवसायावरून हे आडनाव पडले. लहानपणी ते बोलताना अडखळत; जिद्दीने त्यांनी या दोषावर मात केली. इंग्रजी विषयात एम. ए. झाल्यावर त्यांना प्राध्यापक व्हायचे होते. विद्यापीठातील नेमणूक हुकली आणि ते शासकीय विधी महाविद्यालयात दाखल झाले. पुढे सर जमशेदजी कांगा यांच्या हाताखाली त्यांनी वकिली सुरू केली. १९५० मध्ये या गुरुशिष्यांचा प्राप्तिकर कायद्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो आजही प्रमाण मानला जातो.

त्या काळी करविषयक वादात वस्तुस्थितीचा निर्णय अपील न्यायाधिकरण करी. उच्च न्यायालयापुढे केवळ कायद्याचा प्रश्न जाई. एजन्सी रद्द झाल्याबद्दल व्यापाऱ्याला मिळालेली भरपाई हे त्याचे उत्पन्न, की गमावलेल्या भांडवलाचा मोबदला? उत्पन्न मानल्यास कर द्यावा लागे, एरवी नाही. असे वाद शब्दाच्या अर्थावर ठरत. कायद्याच्या आधाराशिवाय कर आकारता येणार नाही, असे राज्यघटनेचा अनुच्छेद २६५ सांगतो. पालखीवालांच्या करविषयक वकिलीचे अधिष्ठान हेच होते : शासनाची सत्ता कायद्याच्या मर्यादेतच चालते.

हीच भूमिका त्यांनी पुढे व्यापक प्रश्नांना लावली. १९७० मध्ये बँक राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात त्यांनी एका भागधारकाची बाजू यशस्वीपणे मांडली. केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींपुढे ६८ दिवस सुनावणी चालली. २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने निर्णय झाला : संसदेला घटनेत दुरुस्ती करता येईल, परंतु तिची मूलभूत चौकट मोडता येणार नाही.

जून १९७५ मध्ये इंदिरा गांधींच्या निवडणूक अपिलात तेच त्यांचे वकील होते. आणीबाणी जाहीर होताच त्यांनी ते वकीलपत्र सोडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केशवानंद निर्णयाचा फेरविचार करण्यासाठी पुन्हा तेरा न्यायमूर्तींचे पीठ बसले. पालखीवालांनी त्यास कडाडून विरोध केला आणि अल्पावधीतच ते पीठ विसर्जित झाले.

१९५८ पासून त्यांनी अर्थसंकल्पावर दिलेली वार्षिक व्याख्याने ऐकण्यास मुंबईकर ब्रेबॉर्न स्टेडियमवर गर्दी करू लागले. न्यायालयात समजावलेला कायदा ते येथे करदात्यालाही समजावत. ११ डिसेंबर २००२ रोजी त्यांचे निधन झाले.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न : करदात्याचा वकील आणि घटनेचा रक्षक या पालखीवालांच्या दोन भूमिकांतील संबंध आपल्या शब्दांत स्पष्ट करा.