थर्मासचे जनक : सर जेम्स ड्यूअर

चहाचा थर्मास तुम्ही सर्वांनी पाहिला असेल. पण तो मुळात चहासाठी बनवलाच नव्हता!

जेम्स ड्यूअर यांचा जन्म २० सप्टेंबर १८४२ रोजी स्कॉटलंडमधील किंकार्डिन गावी झाला. वडिलांची खानावळ होती. जेम्स दहा वर्षांचे असताना पायाखालचा बर्फ फुटला अन् ते गार पाण्यात पडले. संधिवाताचा ताप आला. पुष्कळ दिवस धड चालता येईना. मग ते गावच्या सुताराकडे बसून व्हायोलिन बनवायला शिकले. तिथं तयार झालेली बोटं पुढे प्रयोगशाळेत कामी आली. पंधराव्या वर्षी आईवडील वारले, तरी शिक्षण सोडलं नाही.

१८७७ साली ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाले. तेथे ते हवा अतिशय थंड करून तिचा द्रव करीत. पण तो साध्या भांड्यात टिकेना, उकळून उडून जाई. म्हणून १८९२ साली त्यांनी काचेच्या भांड्यात दुसरे भांडे बसवले अन् मधली हवा काढून टाकली. हवाच नाही, तर उष्णता आत जाणार कशावरून? उन्हासारखी येणारी उष्णता परतवायला काचेला चांदीचा मुलामा दिला.

१० मे १८९८ रोजी त्यांनी हायड्रोजन वायूचाही द्रव केला. तो उणे २५३ अंशांवरच उकळतो. त्याच्यापुढे आपला बर्फसुद्धा गरमच की! हे काम फार धोक्याचे होते. स्फोटांत त्यांच्या दोन मदतनिसांचा एकेक डोळा गेला. लेनॉक्स आणि हीथ ही त्यांची नावे. ती फारशी कुणाला ठाऊक नसतात, म्हणून मुद्दाम लिहिली.

ड्यूअर यांनी भांड्याचे पेटंट घेतले नव्हते. जर्मनीतल्या लोकांनी १९०४ पासून तेच ‘थर्मॉस’ नावाने विकले. ड्यूअर कोर्टात गेले, पण हरले.

२७ मार्च १९२३ रोजी ते वारले. तीनच वर्षांनी अमेरिकेत गॉडर्ड यांनी द्रव ऑक्सिजनवर अग्निबाण उडवला. पुढे चंद्रावर माणसं पाठवताना द्रव हायड्रोजन साठवायला फ्लोरिडात भलीमोठी गोल टाकी बांधली. तिच्यात सुमारे ३२ लाख लिटर मावे. तिलाही दोन भिंती, मधली हवा काढलेली, अन् वर पर्लाइटची भुकटी भरलेली. म्हणजे थर्मासच! अग्निबाणावर मात्र एवढे वजन चालत नाही. तिथं टाकीला हलक्या फोमचे आवरण देतात अन् इंधन उड्डाणाच्या थोडे तास आधीच भरतात. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन गेलेल्या आपल्या अग्निबाणाच्या वरच्या टप्प्यात हाच द्रव हायड्रोजन होता.